श्रीलंका : तलावांचा देश

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत एखाद्या परदेशाची ओळख करून द्यावी, अशी सूचना कार्यकारिणीकडून आली, तेव्हा आम्ही सर्वांत जवळचा परदेश निवडला. धनुष्कोडीच्या टोकापासून श्रीलंकेचा किनारा अवघा सुमारे ३० किलोमीटर दूर आहे. रामायणामुळे लंका आपल्या घराघरांत लहानपणीच पोहोचलेली असते. मागील पिढीस तिची दुसरी ओळख रेडिओ सिलोनने करून दिली. १९५२ साली सुरू झालेली बिनाका गीतमाला ऐकण्यासाठी बुधवारी रात्री शेजारपाजारची मंडळी एका रेडिओभोवती जमत असत, हे येथील वडीलधाऱ्यांस आठवत असेल. तिसरी ओळख चहाची आणि चौथी, तरुण मंडळींना विचाराल तर, क्रिकेटची! इतक्या ओळखी असूनही तो देश प्रत्यक्षात कसा आहे, याची आपणास फारशी कल्पना नसते.

'लंकेत सोन्याच्या विटा' अशी आपल्याकडे म्हण आहे. आम्ही उभयतांनी त्या बेटावर पंधरा दिवस प्रवास केला. सोन्याच्या विटा कोठे आढळल्या नाहीत; मातीचे बांध मात्र पावलोपावली आढळले. त्या बांधांनी अडविलेले पाणी हेच त्या देशाचे खरे सोने, असे आमचे मत झाले. निसर्ग पाहावयाचा तर अरण्यात जावे आणि इतिहास पाहावयाचा तर भग्नावशेषांत हिंडावे, अशी विभागणी आपण मनाशी करून ठेवतो. श्रीलंकेत ती टिकत नाही. तेथील उत्तमोत्तम निसर्ग माणसाच्या हातून घडला आहे आणि तेथील इतिहास पावसाच्या वेळापत्रकावर चालला आहे. हीच एक गोष्ट आज आपणासमोर मांडावयाची आहे.

प्रथम भूगोल पाहू. श्रीलंकेचे क्षेत्रफळ ६५,६१० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण एकपंचमांश. बेटाच्या मध्यभागी दक्षिणेकडे डोंगराळ प्रदेश असून त्यातील पिदुरुतलागल हे सर्वोच्च शिखर २,५२४ मीटर उंच आहे. मे ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्येचा मोसमी वारा येतो आणि या डोंगरांना अडून पश्चिमेकडील उतारावर धो धो पाऊस पाडतो. सह्याद्रीच्या अलीकडे कोकण आणि पलीकडे देश, हे चित्र आपणास परिचित आहेच. तोच प्रकार येथे आहे. फरक इतकाच की, हिवाळ्यात ईशान्येकडून दुसरा मोसमी वारा येतो आणि उत्तर व पूर्व भागास पाणी देतो. त्यामुळे शेतीचेही दोन हंगाम आहेत. हिवाळी पावसाचा मोठा हंगाम तो 'महा' आणि उन्हाळी पावसाचा धाकटा हंगाम तो 'यल'.

उत्तरेकडील मैदानास तेथे 'कोरडा विभाग' म्हणतात. हा शब्द ऐकून आपली दिशाभूल होण्याचा संभव आहे. त्या विभागात वर्षाकाठी सुमारे १,००० ते १,७५० मिलिमीटर पाऊस पडतो. आमच्या सोलापूरकर श्रोत्यांस हा आकडा ऐकून हसू येईल, कारण त्यांना त्याच्या निम्माही पाऊस अनेकदा दुर्लभ! परंतु लंकेतील हा पाऊस ऑक्टोबर ते जानेवारी या चार महिन्यांत बव्हंशी पडून जातो. उरलेले महिने ऊन आणि वारा जमिनीतील ओल शोषून घेतात. म्हणजे प्रश्न पाण्याच्या तुटवड्याचा नाही, पाणी साठविण्याचा आहे. आणि आश्चर्याची गोष्ट अशी की, सिंहली राजांनी आपल्या राजधान्या पावसाने न्हालेल्या नैर्ऋत्य भागात वसविल्या नाहीत. सुमारे दीड हजार वर्षे त्यांनी या कोरड्या मैदानातच राज्य केले.

त्यांतील पहिली मोठी राजधानी अनुराधपुर. येथे जाणारा प्रवासी प्रथम स्तूपांकडे धाव घेतो आणि ते स्वाभाविकच आहे. महासेन राजाने इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या आरंभी सुरू केलेला जेतवनाराम स्तूप मूळचा सुमारे १२२ मीटर उंच होता. त्या काळच्या जगात ईजिप्तमधील दोन पिरॅमिडांखेरीज त्याहून उंच वास्तू नव्हती. त्यास नऊ कोटींहून अधिक विटा लागल्या असाव्यात, असा अंदाज आहे. अर्थात त्या सोन्याच्या नसून भाजलेल्या मातीच्या. रुवनवेलिसाय हा इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात दुटुगेमुणू राजाने बांधविलेला स्तूप आज शुभ्र रंगात उभा आहे. जवळच श्री महाबोधी हा पिंपळ आहे. सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा हिने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात बोधगयेच्या बोधिवृक्षाची फांदी येथे आणली, असे परंपरा सांगते. बावीसशेहून अधिक वर्षे या एका झाडाची अखंड जोपासना झाली आहे. मनुष्याच्या हातून लावलेल्या आणि ज्याच्या लागवडीची नोंद आहे अशा जिवंत वृक्षांत हा सर्वांत प्राचीन मानतात. फांद्यांस सोन्याचा मुलामा दिलेल्या टेकूंचा आधार आहे. पांढरी वस्त्रे नेसलेले स्त्री-पुरुष ओंजळीत कमळे घेऊन येतात, फुले वाहतात आणि काही न बोलता बसून राहतात. तेथे आम्हीही काही वेळ बसलो. त्या शांततेचे वर्णन करण्याचा प्रयत्न आम्ही करीत नाही.

परंतु हे सर्व स्तूप, विहार आणि त्यांतील हजारो भिक्षू कशाच्या आधारावर पोसले गेले, हा प्रश्न मनात येताच नगरीच्या भोवतालची तळी दिसू लागतात. तळ्यास सिंहली भाषेत 'वॅव' म्हणतात. संस्कृत 'वापी'पासून आपल्या मराठीत विहिरीस 'बाव' शब्द आला. त्याच वापीपासून त्यांचा 'वॅव' आला. अभयवॅव इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातील आणि तिस्सवॅव तिसऱ्या शतकातील मानतात. शहर वाढले, तशी ही तळी अपुरी पडू लागली. तेव्हा पाचव्या शतकात धातुसेन राजाने दूरवर कलावॅव हा विस्तीर्ण तलाव बांधला आणि तेथून सुमारे ८७ किलोमीटर लांबीच्या 'जयगंगा' कालव्याने पाणी अनुराधपुरास आणले. या कालव्याच्या पहिल्या सत्तावीसेक किलोमीटरांत उतार मैलाला केवळ सहा इंच आहे, असे सांगतात. आजची यंत्रे हाताशी नसताना हे कसे साधले, याचे आमच्यासोबतच्या एका स्थापत्य अभियंत्यास इतके नवल वाटले की, त्यांनी त्या काठावर दुपारचे जेवण विसरून तास काढला.

या तलावांतील एक रचना विशेष उल्लेखनीय आहे. मोठ्या तलावाच्या तळाशी पाण्याचा दाब प्रचंड असतो. मोरीतून ते सोडले, तर बांधच फुटावयाचा. यावर तेथील कारागिरांनी 'बिसोकोटुव' योजली. बांधाच्या आतल्या बाजूस, मोरीच्या मार्गावर, दगडाने बांधलेली ही चौकोनी विहीर. पाणी प्रथम तीत येते, त्याचा जोर तेथे मोडतो आणि मग हवे तितकेच पाणी बाहेर सोडता येते. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश पाटबंधारे अभियंता हेन्री पार्कर याने या रचनेचा बारकाईने अभ्यास करून तिचे मोठेपण जगापुढे मांडले.

धातुसेनाची कथा येथे सांगितली पाहिजे. त्याचा पुत्र कश्यप याने बंड करून बापास बंदिवान केले आणि लपविलेला खजिना दाखीव, असा तगादा लावला. वृद्ध राजाने कलावॅवच्या काठी नेण्याची विनंती केली. तेथे त्याने स्नान केले, ओंजळीत पाणी घेतले आणि आपली सर्व संपत्ती हीच, असे सांगितले. संतापलेल्या कश्यपाने त्यास ठार करविले. ही हकीकत चूळवंस या पाली बखरीत आली आहे. बखरीत कवित्वाचा अंश असतो, हे मान्य. पण ज्या समाजाने आपल्या राजाच्या तोंडी असे उत्तर घातले, त्या समाजास संपत्ती म्हणजे काय, हे नीट उमगले होते.

पितृघातकी कश्यपाने अनुराधपुर सोडून सिगिरिया येथे राजधानी केली. सपाट रानातून सुमारे १८० मीटर उंच उठलेला हा एकच खडक आहे. माथ्यावर राजवाडा, पायथ्याशी उद्याने आणि वाटेवर खडकाच्या पोटात रंगविलेल्या स्त्रियांची चित्रे. ही चित्रे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील, म्हणजे आपल्या अजिंठ्याची वाकाटककालीन लेणी ज्या सुमारास रंगली, त्याच काळातील. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात सिंहल नावाच्या वणिकपुत्राची आणि त्याच्या लंकेवरील स्वारीची कथा चितारलेली आहे, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. त्यामुळे सिगिरियाचा जिना चढताना मराठी माणसास आपण अगदीच परक्या ठिकाणी आलो, असे वाटत नाही. तेथे एक गुळगुळीत भिंत आहे. तिला 'आरसेभिंत' म्हणतात. आठव्या ते दहाव्या शतकांतील प्रवाशांनी तिच्यावर पद्ये कोरून ठेवली. पुरातत्त्वज्ञ सेनरत परणवितान यांनी त्यांपैकी ६८५ पद्ये वाचून १९५६ साली प्रसिद्ध केली. भिंतीवर नावे कोरण्याची खोड आपल्याकडेही आहे. पण त्या लोकांनी निदान कविता तरी कोरल्या! पायथ्याच्या उद्यानातील कारंजी भूमिगत नळांवर चालतात आणि भर पावसाळ्यात आजही त्यांतून पाणी उसळते. ज्याने तलाव बांधणाऱ्या बापास मारले, त्यालाही बापाचीच विद्या उपयोगी पडली.

पुढे चोळांच्या स्वाऱ्या झाल्या आणि राजधानी पोलोन्नरुव येथे गेली. तेथे बाराव्या शतकात पहिल्या पराक्रमबाहूने ११५३ ते ११८६ या काळात राज्य केले. पावसाचे पाणी लोकांच्या कामी न येता समुद्रास मिळू नये, हे त्याचे धोरण असल्याचे चूळवंसात नमूद आहे. त्याच्या तलावाचे नावच 'पराक्रमसमुद्र'. सुमारे १४ किलोमीटर लांबीच्या बांधावरून पाहिले असता पलीकडचा काठ धुक्यात हरवतो. पाणकावळे पंख वाळवीत बसलेले, कोळी जाळी टाकीत असलेले आणि खालच्या बाजूस भाताची हिरवी शेते. जवळच गलविहार. तेथे एका अखंड खडकातून बुद्धाच्या मूर्ती कोरल्या आहेत. त्यांतील परिनिर्वाणमूर्ती सुमारे १४ मीटर लांब आहे. मस्तकाच्या भाराने उशी किंचित दबलेली शिल्पकाराने दाखविली आहे. दगडास मऊपणा देणारा तो अनामिक हात पाहून आम्ही थक्क झालो.

एवढे वैभव गेले कोठे? १२१५ साली कलिंगाच्या माघाने स्वारी केली, तेव्हापासून उत्तरेकडील राज्य ढासळत गेले. केवळ स्वारीने हजारो तलाव कोरडे पडत नाहीत. बांधाला घूस पोखरते, झाडाच्या मुळ्या भेगा पाडतात, गाळ साठतो. ही रोजची दुरुस्ती पाहणारी व्यवस्था मोडली की, दोन-चार पावसाळ्यांत बांध फुटतो. त्यात हिवतापाची भर पडली. लोक दक्षिणेकडे सरकले आणि शतकानुशतके या तळ्यांवर रान माजले. १९३४-३५ च्या हिवतापाच्या साथीत बेटावर सुमारे ८०,००० माणसे दगावली, यावरून त्या रोगाचा दरारा लक्षात येईल. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीची फवारणी झाली आणि कोरड्या विभागात पुन्हा मोठ्या प्रमाणात वस्ती होऊ शकली. २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने श्रीलंकेस हिवतापमुक्त घोषित केले. आपल्या शेजाऱ्याच्या या यशाची वार्ता आपल्याकडे फारशी कोणी वाचली नाही, ही खेदाची गोष्ट होय.

राजांचे तलाव मोठे. पण आमचे मन अधिक रमले ते खेड्यांतील लहान तळ्यांत. एकाच ओढ्याच्या उतारावर एकाखाली एक अशी ती माळेसारखी ओवलेली असतात. वरच्या तळ्याचे शेतात फिरून उरलेले पाणी खालच्या तळ्यात येते. तळ्याच्या वरच्या अंगास झाडांचा पट्टा राखतात. त्याने वारा अडतो आणि बाष्पीभवन कमी होते. बांधाच्या खाली, शेत सुरू होण्यापूर्वी, झाडझाडोऱ्याची आणखी एक पट्टी असते; ती जमिनीतील क्षार शोषून घेते. गाळ अडविण्यासाठी वर लहान खळगे असतात. यांतील प्रत्येकास सिंहली खेडुताजवळ स्वतंत्र नाव आहे. २०१७ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने या पद्धतीस जागतिक महत्त्वाचा कृषिवारसा म्हणून मान्यता दिली.

याहून विचार करण्याजोगी आहे ती त्यांची 'बेत्म' नावाची रीत. तळ्यात पाणी कमी असेल, तर सगळ्यांनी थोडेथोडे पेरून सगळ्यांनीच बुडावयाचे नाही. तळ्यालगतची जेवढी जमीन भिजू शकेल, तेवढीच पेरावयाची आणि ती जमीन त्या हंगामापुरती, ज्याच्या-त्याच्या मूळ हिश्श्याच्या प्रमाणात, सर्वांत वाटून घ्यावयाची. ज्याचे शेत दूर टोकास आहे, तोही उपाशी राहत नाही. हंगामापूर्वी गावाची बैठक होते, पेरणीची आणि पाणी सोडण्याची तारीख ठरते आणि पाण्यावर देखरेख ठेवण्यास एक जाणता माणूस असतो.

हे बांध राखण्याचे काम पूर्वी 'राजकारिय' म्हणजे सक्तीच्या श्रमदानातून होत असे. १८३२ च्या सुमारास ब्रिटिशांनी ही सक्ती रद्द केली. वेठ गेली, हे उत्तम झाले. पण तिच्या जागी बांध कोणी सांभाळावयाचा, याची व्यवस्था केली नाही. परिणामी असंख्य गावतळी गाळाने भरली. हे ऐकून आम्हांस आपल्या भंडारा-गोंदियाकडील मालगुजारी तलावांची आठवण झाली. कोहळी समाजाच्या कसबाने बांधलेली ती तळी स्वातंत्र्यानंतर मालगुजारी संपल्यावर सरकारकडे आली. हेतू न्याय्य होता. परंतु फायलीत नोंदलेले तळे आणि गावाने रोज पाहिलेले तळे यांत अंतर असते आणि तीही हळूहळू गाळाने भरली. शासनाच्या सेवेत हयात घालविलेल्या माणसाने हे बोलावे, हे कोणास चमत्कारिक वाटेल. आमचे म्हणणे इतकेच की, मालकी बदलण्यास एक आदेश पुरतो. राखण करण्यास मात्र माणसे लागतात.

आता हत्तींकडे वळू. महासेनाने बांधलेले मिन्नेरिय तळे पोलोन्नरुवपासून जवळ आहे. ऑगस्ट-सप्टेंबरात तळ्याचे पाणी ओसरते आणि उघड्या पडलेल्या तळावर कोवळे गवत उगवते. भोवतालच्या रानांतून हत्तींचे कळप तेथे उतरतात. वन्य आशियाई हत्ती इतक्या संख्येने एकत्र दिसण्याची जागा जगात दुसरी क्वचितच असेल. माद्या पिलांना पोटाखाली घेऊन चरत असतात. एखादे पिलू सोंडेने गवत उपटण्याचा सराव करते आणि गवताऐवजी माती अंगावर उडवून घेते. संध्याकाळी ते दृश्य पाहताना आमच्या मनात आले, की हा सोहळा निसर्गाचा म्हणावा की सतराशे वर्षांपूर्वीच्या एका राजाचा?

या दृश्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०११ च्या गणनेत श्रीलंकेत ५,८७९ हत्ती होते. शेती वाढली, रानवाटा तुटल्या आणि माणूस व हत्ती समोरासमोर आले. एकट्या २०२३ साली चारशेहून अधिक हत्ती मृत्युमुखी पडले आणि दीडशेहून अधिक माणसांचे प्राण गेले. एका रात्रीत वर्षाचे पीक गमावलेल्या शेतकऱ्यास हत्तीच्या सौंदर्यावर व्याख्यान देणे क्रूरपणाचे होईल. उपाय शोधणाऱ्यांनी एक गोष्ट दाखवून दिली आहे. रानाच्या सरहद्दीवर सरकारने घातलेल्या विजेच्या कुंपणांपेक्षा गावाभोवती व शेताभोवती गावकऱ्यांनीच उभारलेली आणि सांभाळलेली कुंपणे अधिक उपयोगी ठरतात. कापणीनंतर शेताचे कुंपण काढून ठेवावयाचे, म्हणजे हत्तींना धसकटे खाण्यास मोकळीक. बांधाची जी गोष्ट, तीच कुंपणाची.

मध्यवर्ती डोंगरात गेले, की हवा आणि इतिहास दोन्ही बदलतात. कँडीचे राज्य १८१५ साली ब्रिटिशांच्या हाती गेले. तेथील दंतधातूचे मंदिर आणि पेरादेणियचे वनस्पतिउद्यान आपण पाहालच. हॉर्टन प्लेन्स या दोन हजार मीटरहून उंच पठारावर 'जगाचा शेवट' नावाचा कडा आहे. तेथे जमीन एकदम सुमारे ८७० मीटर खाली कोसळते. सकाळी नऊच्या आत पोहोचावे. पुढे धुके सर्व काही झाकून टाकते. बेटाची जलदायिनी महावेली हिच्या पाण्याचा काही भाग याच पठारावर उगम पावतो. म्हणजे मैदानातील तळ्यांचे भवितव्य या उंचावरील रानाशी बांधलेले आहे.

हे रान पूर्वी पुष्कळ मोठे होते. प्रथम कॉफीसाठी डोंगर उघडे केले गेले. १८६९ पासून कॉफीवर तांबेरा पडला आणि पुढील दोन दशकांत मळे बुडाले. जेम्स टेलर या स्कॉटिश मळेवाल्याने १८६७ साली लूलकंदुर येथे १९ एकरांवर चहा लावला होता. त्याने पुढे सर्व डोंगर व्यापले. आगगाडीच्या खिडकीतून दिसणारी ती कातरलेली हिरवळ डोळ्यांस सुख देते, यात शंका नाही. पण ती कोणी फुलविली? तामिळ प्रदेशातून आणलेल्या गोरगरीब मजुरांनी. मन्नारच्या किनाऱ्यावर उतरून ही माणसे रानातून पायी डोंगराकडे निघत. कितीतरी जण वाटेतच हिवताप व पटकीने मेले. १९४८ च्या कायद्याने त्यांच्या लक्षावधी वंशजांस नागरिकत्व नाकारले गेले. १९६४ साली लालबहादूर शास्त्री आणि सिरिमाओ बंदरनायके यांच्यात करार झाला. त्यानुसार ५,२५,००० लोकांस भारताने आणि ३,००,००० लोकांस सिलोनने आपले मानावयाचे ठरले. ज्या माणसांनी भारत कधी पाहिला नव्हता, त्यांस 'मायदेशी' पाठविण्यात आले. जे मागे राहिले व ज्यांस नागरिकत्व मिळाले नव्हते, त्यांचा प्रश्न २००३ च्या कायद्याने सुटला. आपणही घरापासून दूर राहतो. पण आपण जेथे आहोत तेथे आपले नाव मतदारयादीत असते. त्या मळ्यांतील माणसांस हे साधे सुख मिळण्यास पंचावन्न वर्षे लागली. सकाळचा चहा घेताना हे एकदा आठवावे.

नैर्ऋत्येकडे सिंहराज हे मूळचे पावसाळी अरण्य अजून शिल्लक आहे. तेथील झाडांपैकी साठ टक्क्यांहून अधिक जाती या बेटाखेरीज अन्यत्र आढळत नाहीत. १९७० च्या दशकात प्लायवूडसाठी येथे यंत्रांनी तोड सुरू झाली होती. लोकांनी व अभ्यासकांनी आवाज उठविला, १९७७ च्या सुमारास ती थांबली आणि १९८८ साली हे रान जागतिक वारशात गणले गेले. रान गर्द असल्याने प्राणी सहसा दिसत नाहीत; परंतु सातभाई आणि भृंगराज यांच्या जातीचे पक्षी पुढे होऊन इतर अनेक जातींचा मिश्र थवा घेऊन जातात, ते पाहावे. जळवांपासून पाय मात्र जपावेत.

किनाऱ्यावरील गॉल येथे डच लोकांनी १६६३ पासून बांधलेला कोट आहे. २६ डिसेंबर २००४ रोजी सुनामी आली, तेव्हा या कोटाने आतील जुने गाव वाचविले. बाहेर मात्र हाहाकार झाला. बेटावर ३०,००० हून अधिक माणसे गेली. त्याच किनाऱ्यावर पेरलिय येथे एक भरलेली आगगाडी लाटेत सापडून हजाराहून अधिक प्रवासी दगावले.

माणसानेही या देशास कमी दुःख दिलेले नाही. १९८३ ते २००९ पर्यंत यादवी युद्ध चालले. त्यापूर्वी, १९८१ साली, जाफना येथील सार्वजनिक ग्रंथालय जाळण्यात आले. त्यात सुमारे ९७,००० ग्रंथ आणि हस्तलिखिते भस्मसात झाली. ज्या मंडळाने आपले छोटेसे वाचनालय पै पै करून उभे केले, त्याच्या सभासदांस याचा अर्थ समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. ते ग्रंथालय पुन्हा बांधले गेले आणि २००३ साली वाचकांसाठी उघडले. २०२१ साली रासायनिक खतांवर एकाएकी बंदी आली आणि त्याच वर्षी ती मागे घ्यावी लागली. तोवर भाताचे व चहाचे उत्पन्न घटले होते. पाठोपाठ २०२२ सालची आर्थिक आपत्ती आली. इतके सोसूनही वाटेवरचा माणूस हात जोडून, हसतमुखाने 'आयुबोवन' म्हणतो. दीर्घायुषी व्हा, असा त्याचा अर्थ.

हे हास्य परके का वाटत नाही, याचे एक कारण भाषेत आहे. सिंहली ही आपल्या मराठीप्रमाणेच आर्यकुळातील भाषा. कानास 'कन', दातास 'दत', हातास 'अत', गावास 'गम'. ऐकता ऐकता ओळख पटत जाते. दुसरे नाते धम्माचे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५० साली जागतिक बौद्ध परिषदेसाठी सिलोनला गेले होते आणि तेथील बौद्ध जीवन त्यांनी जवळून पाहिले होते. त्यानंतर सहा वर्षांनी नागपूरला काय घडले, हे आपण जाणताच.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी दोन शब्द. नैर्ऋत्य किनारा आणि डोंगर पाहावयाचे तर जानेवारी ते मार्च उत्तम. उत्तर व पूर्व भाग आणि मिन्नेरियचे हत्ती पाहावयाचे तर जुलै ते सप्टेंबर. प्रत्येक पौर्णिमेस 'पोय' म्हणून सार्वजनिक सुट्टी असते, हे ध्यानात ठेवून बेत आखावा. विहारात पादत्राणे व टोपी काढावी, अंगभर कपडे असावेत आणि बुद्धमूर्तीकडे पाठ करून छायाचित्र काढू नये. तेथे तो मोठा अनादर समजतात. आणि दोन दिवस अधिक काढून एखाद्या खेड्यातील तळ्याच्या बांधावर चालून यावे. आमच्या गाडीचा चालक प्रत्येक तळ्यापाशी वेग कमी करून पाण्याची पातळी पाहत असे. त्याचे शेत त्या तळ्याखाली नव्हते. "मग का पाहता?" असे आम्ही विचारले. तो म्हणाला, "पाणी आहे ना, एवढे पाहून बरे वाटते."

अध्यक्षमहोदय, पन्नास वर्षांपूर्वी काही मंडळींनी या परप्रांतातील गावी चार घरांची वर्गणी जमवून एक लहानसा बांध घातला. त्यात गणेशोत्सवाचे, नाटकांचे, वाचनालयाचे आणि मुलांच्या मराठी वर्गाचे पाणी साठत गेले. ज्यांनी पहिली पाटी टाकली, त्यांतील बरेच जण आज नाहीत. सुवर्णमहोत्सवाचा दिवस आनंदाचा आहेच. पण उद्या सकाळी वाचनालयाची किल्ली कोण घेणार, रविवारच्या वर्गास कोण शिकविणार आणि वर्गणीची वही घेऊन कोण दारोदार फिरणार, हे प्रश्न उत्सव संपल्यावर उरणारच आहेत. तरुण मंडळींपैकी दोघा-चौघांनी आज आपली नावे कार्यवाहांकडे दिली, तर आमच्या या प्रवासाचे चीज झाले, असे आम्ही समजू.